साडेदहा फुटांचा धोटा

पवनी,
२२ जानेवारी २०१९

तीर्थस्वरूप सत्यवतीताई,

पवनीहून रीताचा नमस्कार. इथे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, भाऊजींची साखर उतरली का, आणि उतरली या आनंदात त्यांनी पुन्हा पेढे सुरू केले का, ते कळवा. तिळगूळ वेगळा पाठवला आहे. लाडू फुटलेले निघाले तर कुरिअरवाल्याचा दोष, आणि फुटतच नसले तर माझा.

हातात फोन असताना हिला पत्र काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो ताई" म्हणते. एकवीस वर्षांची सवय आहे. आठ तारखेलाही तसंच झालं. तुम्ही म्हणालात, बाबांचं दोन फेब्रुवारीचं तिकीट काढलं आहे, गरम कपडे वर ठेवून बॅग भर, आता ते कायमचे पुण्याला राहतील. मी तीनदा "हो ताई" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला एकदाही हो म्हणायचं नव्हतं. तुमचं कारण खोटं नव्हतं. आई गेल्यापासून तीन वर्षं बाबा बंद हातमागासमोर खुर्ची टाकून बसून असतात, बोललं तर बोलतात, वाढलं तर जेवतात, हे मीच तुम्हाला वेळोवेळी सांगितलेलं. पण त्यानंतरची बातमी तुम्हाला कोणी दिली नाही. (भूषण देणार नव्हतेच. मंडप-डेकोरेशनच्या दुकानात ते गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालतात, पण मोठ्या बहिणीचा फोन आला की त्यांचा आवाज शाळेत जातो.) तर बातमी अशी की बाबा आता बसत नाहीत. उभे राहतात. तेही पाण्यावर. आणि याचं मूळ तुम्ही आहात.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गोव्याहून फोटो पाठवला होता, आठवतो ना? नारिंगी जॅकेट घालून, हातात वल्हं धरून, समुद्रात एका लांबट फळीवर तुम्ही उभ्या. (चेहऱ्यावरून उभं राहण्याचा तो पहिला आणि शेवटचा क्षण असावा असं मला वाटलं, पण तसं मी कोणाला बोलले नाही.) भूषणनी सांगितलं, याला पॅडलबोर्ड म्हणतात. बाबांनी माझा फोन मागून घेतला, आणि कोशाच्या रेशमी धाग्यातली गाठ शोधायचं ते जुनं भिंग काढून तुमच्या फोटोवर धरलं. आम्हाला वाटलं, लेक पाहताहेत. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "हे तं प्लास्टिक आहे बे. हा असा आकार न् त्याले प्लास्टिक? हा तं धोटा आहे."

मी परत पाहिलं, आणि ताई, खरंच तो धोटा होता. ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे सुळकन जाणारा, होडीसारखा निमुळता. बाबांनी पन्नास वर्षं तो हातात धरला, घासला, झिजवला. मला त्या फोटोत नणंद दिसली, भूषणना ऑफ-सीझन धंदा दिसला, आणि बाबांना लाकूड दिसलं. माणसाला काय दिसतं त्यावरून तो कोण ते कळतं असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मागासमोरची खुर्ची रिकामी होती आणि बाबा अंगणात दोरी घेऊन साडेदहा फूट मोजत होते.

मदतीला जवळच्या कोंढा गावचा इश्वर आला. तो डोंगे, म्हणजे खोडातून कोरलेल्या होड्या, करणारा, त्याच्या बापाने केलेले डोंगे अजून तिथल्या तलावात शिंगाडे तोडायला चालतात. त्याच्या मते बांधणीचा प्रश्नच नव्हता. एक खोड घ्यायचं, तासायचं, झालं. तसं त्यांनी केलंही. एका अखंड जाड फळीचा पॅडलबोर्ड आठवड्यात तयार झाला, दिसायलाही देखणा, पण उचलायला चार माणसं लागली आणि पाचवा शिव्या द्यायला. भूषणनी विचारलं, हे तलावापर्यंत न्यायचं कसं? इश्वर म्हणाला, "तलावच इथे आणा न भाऊ, तेच सोपं पडेल." ती फळी आता आपल्या ओसरीवर बाक म्हणून आहे, आणि शेजारचे लोक त्यावर बसून पुढच्या बोर्डाबद्दल सल्ले देतात.

मग पोकळ करायचं ठरलं. भूषणनी फोनवर कुठून तरी आराखडा काढला. मधे पाठीचा कणा, त्याला माशाच्या काट्यांसारख्या आडव्या फासळ्या, आणि त्यावर पातळ पट्ट्यांची कातडी. फासळ्यांना शिवणीच्या झाडाचं लाकूड, कारण ते हलकं आणि ऊन-पाण्यात वेडंवाकडं होत नाही. वरच्या पट्ट्यांना सागवान, चांगला तीस वर्षं वाळलेला. (तो कुठून आला ते शेवटी लिहिते.) पट्ट्या चिकटताना दाबून धरायला शिकंजे हवेत, तेवढे आख्ख्या पवनीत नव्हते, म्हणून माझ्या जुन्या पातळांच्या पट्ट्या फाडून सगळं करकचून बांधलं. पंधरा दिवस अंगणात एक लांबलचक पेशंट हाडं मोडून पडल्यासारखा दिसत होता. येणारी-जाणारी माणसं आवाज खाली करून बोलत.

आराखड्यात एक टोक गोल होतं, दुसरं चपटं आणि त्याखाली माशाच्या शेपटीसारखा पंख. बाबांनी दोन्ही टोकं सारखीच निमुळती केली. भूषण म्हणाले, बाबा, पुढचं कोणतं ते कसं कळणार? बाबा म्हणाले, "ज्या अंगाले तोंड करशील, ते पुढचं." पंख दोन्हीकडे एकेक, बोटभर. भूषणनी फोनमधला आराखडा बंद केला. मला मात्र ते उत्तर दिवसभर पुरलं.

मग वाद पेटला तो वरच्या लेपाचा. इश्वरचं म्हणणं, डांबर फासा न् मोकळे व्हा. भूषणचं म्हणणं, काचेचं कापड इपॉक्सीने चिकटवा आणि वर व्हार्निशचे सहा हात द्या, लग्नाच्या स्टेजसारखं चमकलं पाहिजे. (दुकानात व्हार्निशचे डबे पडून होते, हेही एक.) बाबांचं म्हणणं, जवसाचं तेल. धोट्याला कधी कोणी व्हार्निश दिलं का? हाताच्या तेलानेच तो असा होतो की गालाला लावावा. मी सगळ्यांना चहा देत ऐकत होते, आणि ज्याचं ऐकावं त्याचंच खरं वाटत होतं. तेल सुंदर, पण दर वर्षी लाकडाला पाजावं लागतं आणि सांध्यातलं पाणी ते अडवत नाही. व्हार्निश पाणी झटकतं, पण ठोकर लागली की टवका. काच-कापड घट्ट, पण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "पाणी लागते तिथे कापड, ऊन लागते तिथे व्हार्निश, पाय लागते तिथे वाळू, न् हात लागते तिथे तेल." म्हणजे अंगाला कापड आणि इपॉक्सी, त्यावर उन्हासाठी व्हार्निश, उभं राहायच्या जागी ओल्या व्हार्निशवर मलमलीतून चाळलेली वैनगंगेची वाळू (पाय घसरू नये म्हणून), आणि वल्ह्याच्या दांड्याला नुसतं जवसाचं तेल. भूषण, इश्वर आणि ते स्वतः, तिघांनाही थोडं थोडं मिळालं. डांबर तेवढं कुठे नव्हतं, पण इश्वरने मोजलं नाही.

घासायचं काम बाबांनी आणि मी केलं. दुपारची भांडी आवरली की ते एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी मी हात फिरवून म्हटलं, झालं बाबा, गुळगुळीत. त्यांनी खिशातून कोशाचा एक सुटा धागा काढला, तो लाकडावर टाकला आणि एका टोकाने हळू ओढत नेला. माझ्या बाजूला तो नऊ ठिकाणी अडला. जिथे अडला तिथे खडूने खूण. पुन्हा घासायचं, पुन्हा धागा. बारा दिवसांनी धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यासारखा गेला. त्या बारा दिवसांत ते मला किती तरी सांगत होते. आईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या कांड्या भरत होत्या, आणि बाबांकडे बघण्याच्या नादात धागा तुटला, आणि त्यांनी तो बाबांवर राग काढत जोडला, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. एकवीस वर्षं एका घरात राहून नव्हतं.

आता हळदीचं ऐका. नवा माग बसला की पहिला धागा चढवण्याआधी त्याला तेल-हळद लावायची, ही आपल्या गल्लीची रीत तुम्ही जाणताच. मोतीलालभाऊंच्या (म्हणजे बाबांच्या) अंगणात काही तरी नवं लाकडी उभं राहतंय, आणि धागे लावून पाहणं चालू आहे, एवढं शेजारच्या कलाबाईला पुरलं. ज्या दिवशी बोर्ड घासून कोरा करकरीत झाला, आणि दुसऱ्या दिवशी इपॉक्सी लावायचं होतं, त्या दुपारी बाबा झोपलेले, मी दळणाला गेलेली. परत येते तो पाच बाया गाणं म्हणत बोर्डाला कोपरापर्यंत तेल-हळद चोळताहेत. मला पाहून कलाबाई म्हणाली, "अवो रीता, लाकूड असं पिऊन राहिलं का विचारू नको! तहानलेलं ठेवलं व तुमी त्याले!" मी त्यांना चहा केला.

भूषण म्हणाले, पुसून घेऊ, काही होत नाही. पुसलं, इपॉक्सी लावलं, काचेचं कापड पसरलं. सकाळी पाहिलं तर ते कापड तळणीतल्या पापडासारखं जागोजाग फुगलेलं. तेल प्यालेलं लाकूड कशाला कोणाला चिकटू देतं? भूषणनी डोक्याला हात लावला. कलाबाई पदर तोंडावर घेऊन उभी, "मी तं चांगल्यासाठीच केलं न भाऊ." बाबांनी एक फुगा बोटाने दाबला, तो दुसरीकडून वर आला. दुसरा दाबला, तिसरा वर आला. आणि ताई, ते हसायला लागले. म्हणाले, "कलाबाई, नवरदेवाले हळद तं लागली, पण नवरदेव आता कपडाच घालू देऊन नाही राहिला." तीन वर्षांत या घरात तो आवाज झाला नव्हता. मी आत जाऊन उगाच कुकर लावला.

त्याच संध्याकाळी तुमचा तो आठ तारखेचा फोन आला. तिकिटाचं मी भूषणना सांगितलं, त्यांनी बाबांना. बाबा तेव्हा पत्र्याच्या तुकड्याने बोर्डावरचं तेल खरवडत होते. "बरं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तोवर होऊन जाईल." आणि खरवडत राहिले. ते नको म्हणतील अशी मी वाट पाहिली.

खरवडून, थिनरने पुसून, पुन्हा घासून तेल गेलं. हळदीचा पिवळा मात्र आत मुरला तो मुरलाच. कापड एका बाजूपुरतंच उरलं होतं, आणि नागपूरहून दुसरं यायला आठ दिवस. इकडे कोंढ्याच्या तलावाचं पाणी वीस तारखेपासून उन्हाळी धानाला सोडणार, म्हणजे नंतर गुडघाभर चिखल. पुढे दोन तारीख. बाबा उठले, मागाच्या खोलीत गेले. मी दारातून पाहिलं. तुम्हाला माहीत आहे, त्या मागावर विणून झालेला चार मीटर कोसा तसाच होता. आईंनी भरून ठेवलेल्या शेवटच्या कांड्या जिथे संपल्या तिथेच बाबांनी माग थांबवला होता, आणि दुसऱ्या कोणी भरलेली कांडी त्यांनी लावली नाही. त्यांनी कात्री घेतली. तीन वर्षं ज्याच्यावर धूळ बसली तर ती आम्हाला झटकू दिली नाही, ते कापड एका सरळ रेषेत कापलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सत्यवतीले विचाराले पाहिजे होतं." मी म्हटलं, मी लिहिते ताईंना. ते हे लिहिते आहे. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा.

तळाला काचेचं कापड लागलं आणि वर आईंचा कोसा. इपॉक्सी पडताच तो असा विरघळल्यासारखा झाला की कापड कुठे आहे तेच दिसेना. फक्त खालची हळद सोन्यासारखी उजळली. ऊन तिरकं पडलं तरच बारीक बाणा दिसतो, एकेक धागा. भूषणनी त्यांचे सहा हात व्हार्निश दिले, आणि यावेळी कोणी त्यांची थट्टा केली नाही.

पोकळ बोर्डाला एक भोक ठेवावं लागतं, अंगठा जाईल एवढं. उन्हात आतली हवा फुगते, तिला बाहेर यायला वाट नसली तर सांधे उकलतात. इश्वरचा नियम, "जमिनीवर बूच काढून, पाण्यात बूच लावून." बाबांनी एका तुटक्या धोट्याच्या टोकाचं बूच केलं आणि सांभाळायला माझ्याजवळ दिलं. मी ते पदराच्या गाठीत बांधलं.

एकोणीस तारखेला टेम्पोतून वरात कोंढ्याला गेली. कलाबाई नारळ घेऊन पुढे. पहिल्यांदा भूषण उभे राहिले. मोजून तीन सेकंद. पडताना त्यांनी इश्वरला धरलं, म्हणून इश्वरही पडला, आणि काठावरच्या शिंगाडेवाल्या बाया म्हणाल्या की फुकटात असा तमाशा वर्षभरात झाला नाही. मग बाबांनी धोतर वर खोचलं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि उभे राहिले. हलले नाहीत. बोर्ड डावीकडे झुकला की उजवा पाय हलकेच दाबला, उजवीकडे झुकला की डावा. मला उमगायला वेळ लागला. ताई, ते माग चालवत होते. पन्नास वर्षं पायाखाली दोन पावड्या दाबलेला माणूस, त्याला पाणी काय हलवणार? चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते सरळ, शांत, तलावाच्या मधोमध गेले, पलीकडच्या पाळीपर्यंत पोचले. भूषण ओरडले, "बाबा, वळवा!" बाबांनी बोर्ड वळवला नाही. स्वतःच जागच्या जागी पाठमोरे फिरले आणि निघाले परत. दोन्ही टोकं सारखी का केली ते तेव्हा मला दिसलं. धोटा कधी वळतो का?

परत येताना मात्र ते थोडे बुटके दिसू लागले. मग आणखी बुटके. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि बाबा तसेच ताठ वल्हवत येताहेत. इश्वर ओरडला, "अवो, बूच!" माझा हात पदराकडे गेला. गाठ तशीच होती. काठाला लागला तेव्हा बोर्ड डुंबणाऱ्या म्हशीसारखा झाला होता. उलटा केला तर दीड घागर पाणी आणि दोन झिंगे निघाले. मी रडकुंडीला येऊन बूच त्यांच्या पुढे केलं. म्हटलं, बाबा, हे दुसऱ्या कोणाकडे द्या. त्यांनी माझी मूठ मिटवली. "ठेव तुझ्याजवळच. एकदा विसरलेला माणूस पुन्हा विसरत नाही."

एवढंच लिहायचं होतं. बाबांची तब्येत उत्तम आहे, भूक वाढली आहे, आणि त्यांनी भूषणसाठी जास्त रुंद बोर्ड काढायला घेतला आहे. तुम्ही सुज्ञ आहात, तिकिटाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रीता

ता. क. सागवानाचं राहिलं. तुम्ही लग्नानंतर "राहू दे तिथेच, पुढे नेऊ" म्हणून ठेवलेला तुमचा दिवाण आठवतो? तो आता थोडा पुढे गेला आहे. त्याची गादी सुखरूप आहे.

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र बाबांनी भिंग घेऊन वाचलं. दिवाणाच्या ओळीला हसले. मग म्हणाले, "माझं सारं लिहिलं बेटा, तुझं काहून नाही लिहिलं?" म्हणून लिहिते. वर मी सगळं असं मांडलं आहे की बाबांना पवनीची गरज आहे. ते कुठेही उभे राहतील, ताई, मी पाहिलं आहे. पुण्यातही राहतील. माझे वडील मी बारावीत असताना गेले, आणि लग्नानंतर वर्षभर यांना "बाबा" म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. आता दुपारी बोर्डाच्या पलीकडे कोणी नसेल तर मी कुठवर घासायचं ते मला कळणार नाही. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, मी "हो ताई" म्हटलं असतं. तिकीट बदलून घ्या. तुम्हीच या, दोन तारखेला, तिकडून इकडे. मग आईंचा कोसा उन्हात तिरका धरून दाखवते.

ता. क. बॅग भरली आहे. गरम कपडे वर ठेवले आहेत. बूच तेवढं त्यात टाकलेलं नाही, ते माझ्या पदराला आहे.